नाशिक की पलूस

रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर मुलीने तिचा मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "खूप शोधून मी दोनच जागा ठेवल्यात. आता तुम्ही सांगा, नाशिक की पलूस?"

दोन्हीकडे द्राक्षाचे मळे, दोन्हीकडे वाईनचा कारखाना आणि मळ्यातच राहायची सोय. फेब्रुवारी होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. तिच्या ऑफिसातले लोक दरवर्षी या दिवसांत असे दोन दिवस राहून येतात, असं तिने सांगितलं. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत होती आणि ही तिची भेट होती.

"अगं, आम्ही काय वाईन पिणार?" बायको म्हणाली.

"प्यायलाच पाहिजे असं कुठंय? मळ्यात राहायचं, कारखाना बघायचा, सकाळी उशिरा उठायचं. देवदर्शन आणि लग्नकार्य सोडून तुम्ही दोघं आजवर कुठं गेलाय का?"

गेलो नव्हतो. लातूरकडून मी विसाव्या वर्षी भोसरीला आलो ते वेल्डिंग शिकायला. एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली. भोसरीतल्या खोलीतून पिंपळे गुरवच्या या फ्लॅटमध्ये आलो. डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर वेल्डिंग सोडलं आणि चाकणला एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेले जोड तपासायचं काम धरलं. बायको घरी शिवणकाम करते. सुट्टी म्हणजे गावी जाणं, एवढंच आम्हांला माहीत.

बायकोला नाशिक हवं होतं. "पंचवटी होईल, त्र्यंबकेश्वर होईल," ती म्हणाली. "वाईन बघायला गेलो असं कुणाला सांगायची वेळ आली तर देवाचंही नाव घेता येईल." मुलीचा कल पलूसकडे होता. नाशिकला शनिवार-रविवारी तिच्या ऑफिसातलेच निम्मे लोक भेटतील, असं तिचं म्हणणं. पलूसच्या जागेत आठच खोल्या होत्या आणि खिडकीपासूनच मळा सुरू होत होता.

मुलीला एक गोष्ट माहीत नव्हती. हे दोन्ही मुलूख मी तिच्यापेक्षा चांगले ओळखत होतो. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या टाक्या बनायच्या, दुधाच्या, औषधाच्या आणि पुढे वाईनच्या. टाकी इथे तयार करायची, ट्रेलरवर घालून न्यायची, जागेवर उभी करायची आणि राहिलेले जोड तिथे मारायचे. दिंडोरीच्या बाजूला मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. तिकडच्या सकाळी गार असतात. कारखान्यांना मोठमोठ्या काचा, पुढे हिरवळ, पाहुण्यांसाठी छत्र्या. आम्ही मागच्या दाराने आत जायचो आणि काम उरकून मागच्याच दाराने परत यायचो. पलूसकडे थाटमाट कमी. माती तापलेली, रस्त्याकडेला बेदाणे वाळवायच्या शेड, द्राक्ष बहुतेक खायचं नाहीतर बेदाण्याचं, वाईनचे कारखाने मोजकेच. त्यांतल्या एकाचं काम आमच्याकडे आलं होतं. मुलीने दाखवलेल्या फोटोत मागे जी लांब पत्र्याची इमारत दिसत होती, ती मी ओळखली.

"नाशिक," मी म्हणालो.

मी ते फार पटकन म्हणालो असणार. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला हळू आवाजात सांगितलं, "त्यांना तिकडे नको वाटतं गं. तुझे काका पलूसलाच गेले ना."

"पलूसला? मला वाटलं भोसरीत." मुलीने लगेच मोबाईल उचलला. "सॉरी पप्पा. मी नाशिकचंच करते."

ज्याला ती काका म्हणायची तो माझा कामावरचा जोडीदार. तासगाव तालुक्यातला. बारा वर्षं आम्ही दोघांनी जोडीने काम केलं. वेल्डिंग माझं, घासून-पुसून चकचकीत करायचं काम त्याचं. तो गेला तेव्हा मुलगी पाचवीत होती. कामावर अपघात झाला, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं.

तर नाशिक ठरलं. मी गप्प बसलो असतो तर आम्ही नाशिकला गेलो असतो, दर्शन घेतलं असतं आणि परत आलो असतो. पुढचे तीन-चार दिवस घरात नाशिकचंच बोलणं होतं. बायकोने एक नवी साडी फॉल लावून तयार ठेवली.

गुरुवारी मी पहिल्या शिफ्टवरून आलो तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मी हात-पाय धुऊन समोर बसलो. ती आपल्याच नादात म्हणाली, "नाशिकहून आल्यावर एकदा वहिनींकडे जाऊन येऊ या का? तेराव्यानंतर आपण गेलोच नाही. बिचारीच्या नवऱ्याने तेवढं तुमचं ऐकलं असतं तर आज..."

वहिनी म्हणजे त्या जोडीदाराची बायको. हे वाक्य मी तिच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. चौदा वर्षांत बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी ते मला बसल्या जागी ऐकवेना.

"त्याला मी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

मग मी तिला सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. झालं होतं असं. उभ्या असलेल्या एका टाकीला खालच्या बाजूला नवीन नळी जोडायची होती. बाहेरून वेल्डिंग करताना आतून जोड काळा पडू नये म्हणून आतल्या बाजूला आर्गन गॅस सोडतात. त्या गॅसला वास नाही, रंग नाही. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीच्या तळाशी साचून राहतो. तिथे वाकलेल्या माणसाला आपला श्वास संपतोय हेही कळत नाही. म्हणून एक जण आत तर एक जण बाहेर, आणि गॅस चालू केला की दुसऱ्याला ओरडून सांगायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशी सकाळी मी गॅस चालू केला. जोडीदार तेव्हा टाकीच्या मागे, आतून जोडाची जागा घासायला लागणारी चाकं बदलत होता. तेवढ्यात गेटवरून बोलावणं आलं. नवे सिलेंडर आले होते, सही हवी होती. मी निघालो. जाताना त्याला म्हणालो, "आलोच मी." बस, एवढंच म्हणालो. गॅस सोडलाय हे सांगायचं राहून गेलं. गेटवर वेळ लागला. परत आलो तर तो बाहेर कुठे दिसेना. मी टाकीच्या तोंडातून आत पाहिलं.

"आणि त्याने तुमचं ऐकलं नाही, असं लिहिलेला तो कागद?" बायकोने विचारलं.

कागद दुसऱ्या दिवशी झाला. साइटवरचा सुपरवायझर समोर बसून लिहीत होता. त्याने वर पाहून विचारलं, "तू त्याला आत जाऊ नको म्हणून सांगितलं होतंस ना?" मी म्हणालो, हो. त्याने लिहिलं, मयताने सूचना न पाळता टाकीत प्रवेश केला. मी खाली सही केली. त्याची प्रत वहिनींनाही मिळाली.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"एकच शब्द बोललो."

"शब्द किती, ते मी नाही विचारलं."

मेथी तशीच पडून राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. तिने दोन्ही केलं नाही. संध्याकाळी मुलगी आल्यावर तिने तिला चहा दिला आणि म्हणाली, "नाशिकचं रद्द होतंय का बघ. पलूसचं कर."

"पण पप्पांना..."

"पप्पांचंच काम आहे तिकडे."

स्वारगेटहून एसटीने आम्ही कराडला गेलो. तिथे कारखान्याची गाडी घ्यायला आली होती. वाटेत दोन्हीकडे मळे होते आणि तोडणीचे ट्रे भरून ट्रॅक्टर चालले होते. बायको खिडकीतून बघत होती. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती. गुरुवारपासून तसंच चाललं होतं.

खोली छान होती. पांढऱ्या चादरी, खिडकीबाहेर वेली, वेलींवर काळ्या मण्यांचे लहान, गच्च घड. दुपारी चार वाजता पाहुण्यांना कारखाना दाखवतात. आम्ही धरून सात जण होतो. एक मुलगी माहिती सांगत पुढे चालत होती. द्राक्षं कुठे ओततात, रस कसा निघतो, तो आंबायला किती दिवस लागतात. मग तिने टाक्यांच्या हॉलचं दार उघडलं.

मी उभ्या केलेल्या सगळ्या टाक्या जागच्या जागी होत्या. ती टाकी उजवीकडून तिसरी. तिच्या खालच्या नळीचा जोड माझा नव्हता. त्या अपघातानंतर आमच्या मालकाने दुसरा माणूस पाठवून तो पुरा करून घेतला होता. जोड जरा ओबडधोबड होता. चाकणला असता तर मी तो परत पाठवला असता. टाकी भरलेली होती आणि बाहेरच्या काट्यावर आतलं तापमान दिसत होतं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "टाकी रिकामी असली तरी आम्ही कुणाला आत डोकावू देत नाही. आत हवा नसते." पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, "कधी काही झालंय का?" ती म्हणाली, "मी आल्यापासून नाही."

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, "हीच?"

मी मान हलवली. तिने पदर डोक्यावर घेतला, टाकीच्या गार पत्र्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पुढे गेलेले लोक थांबून आमच्याकडे बघायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून काचेच्या ग्लासांत थोडी थोडी वाईन दिली. पांढरी आधी. ग्लास हलवा, वास घ्या, मग एक घोट, असं ती मुलगी सांगत होती. ज्या वस्तूसाठी मी पंधरा वर्षं टाक्या जोडल्या, ती मी कधी चाखली नव्हती. वासाला बरी होती, कच्च्या पेरूसारखी काहीतरी. घोट घेतला तर आंबट लागली. दुसरा घोट मी घेतला नाही. बायकोने ग्लासला हात लावला नाही, पण तो परतही केला नाही. समोर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एक रिक्षा ठरवून जोडीदाराच्या गावी गेलो. अर्ध्या तासाची वाट. घर तेच होतं, पुढे पत्र्याचा नवा सोपा काढलेला. अंगणात चार-पाच बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्यात वहिनी. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला त्यांनी आधी ओळखलं नाही. बायकोला ओळखलं.

"अगं बाई, तुम्ही? आणि भावजी, किती वाळलाय वो."

त्यांनी आत नेलं, चहा ठेवला. मुलगा दूध डेअरीत कामाला लागलाय, सकाळीच गेला, म्हणाल्या. आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नजर बरी पण कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. मी पाया पडलो. कोण आलंय ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

चहा झाला. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी त्याला आत जाऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं. गॅस मीच सोडला होता. त्याला सांगायचं राहिलं. नंतर विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

वहिनींचा चेहरा होता तसाच राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मी दिसत असेन असं वाटत नव्हतं. मग म्हणाल्या, "आमचा माणूस ऐकणारा हुता."

"हो."

"लगीन झाल्यापास्नं एक सबूद त्यानं कुणाचा मोडला न्हाई. मग तिथंच कसा मोडला, ह्येचं मला कोडं पडायचं. चौदा वरसं मी त्याच्या फोटूशी भांडलिया. तुला दोन पोरांचा इचार कसा आला न्हाई, म्हनायची. पोरास्नीबी तेच सांगत आले. बापावानी करू नगा, सांगितल्यालं ऐकत जावा."

मी खाली बघत होतो.

"आता आत्तींना सांगा," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्ती म्हणायच्या.

"वहिनी, त्यांना ऐकू येत नाही."

"मोठ्यानं सांगा."

मी उठून खाटेजवळ गेलो आणि वाकून म्हणालो, "आई, त्याची चूक नव्हती." त्यांनी कानाशी हात नेला. मी आवाज वाढवला. त्या वहिनींकडे बघून म्हणाल्या, "काय म्हंतोय ह्यो?" वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अजून मोठ्यानं."

मग मी ओरडलो. माझी चूक झाली, मी गॅस सोडला, मी त्याला सांगितलं नाही, मी खोटं बोललो. वेल्डिंगच्या शेडमध्ये यंत्रांच्या वरताण ओरडायची सवय होती, तसा ओरडलो. बाहेर अंगणातलं बायकांचं बोलणं थांबलं. म्हातारीने माझ्या तोंडाकडे बघत बघत सगळं समजून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी त्यानं ऐकलं न्हवतं, असं न्हाई?"

"नाही, आई."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच हट्टी वाढीवला."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. वहिनींनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. आम्हांला जेवायला थांबा असं त्या म्हणाल्या नाहीत. दारापर्यंत आल्या. अंगणातल्या बायका मान खाली घालून बेदाणे निवडत होत्या, पण हात हळू चालले होते.

मी म्हणालो, "मुलाला मी स्वतः भेटून सांगतो."

"नगं. त्याला मी सांगीन." मग म्हणाल्या, "परत येऊ नका, असं म्या म्हनत न्हाई भावजी. पर या म्हनायलाबी जीभ वळत न्हाई."

बायकोचा हात मात्र त्यांनी धरला आणि म्हणाल्या, "ताई, सावकाश जावा."

बुकिंग दोन रात्रींचं होतं, म्हणून आम्ही ती दुसरी रात्रही तिथेच राहिलो. संध्याकाळी बायको एकटीच मळ्यात चालायला गेली. परत आली तेव्हा दाराबाहेर चपला काढता काढता म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू आणि वहिनी माझ्याकडे कसं बघाल, याची भीती वाटली."

"आणि आता?"

"आता वहिनी बघतील तसं बघतील."

ती आत येऊन पलंगावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कसं बघायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वेळ द्या." तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी थोड्याच. मी बरं म्हणालो.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, कसं होतं. बायको म्हणाली, जागा चांगली होती. मग मी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती शिकलेली, समजूतदार. आधी मला धीर द्यायला लागली. पप्पा, तो अपघात होता, सुरक्षेची व्यवस्था करणं कंपनीचं काम होतं. मी म्हणालो, ते खरंच आहे, पण ते वेगळं. तिच्या काकांनी तिला एकदा भोसरीच्या बाजारातून पितळी घुंगरू आणून दिले होते, ते तिला आठवत होते. मला आठवत नव्हते.

मी एका कोऱ्या कागदावर त्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने लिहिलं. गॅस कधी सोडला, गेटवर का गेलो, काय म्हणालो, काय म्हणालो नाही, कागदावर सही कशी केली. आमचं ते वर्कशॉप आता बंद झालंय, मालकही राहिले नाहीत. त्यामुळे दुसरीकडे कुठे द्यावा हे कळेना. खाली सही करून तो मी वहिनींच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी चाकणहून बसने घरी येत असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडचा आवाज तरुण होता. त्याने आधी वडिलांचं नाव सांगितलं, मग म्हणाला, "काका, तुमचा कागद वाचला. एकच विचारायचं हुतं. किती वेळ हुते ते आत?"

मी म्हणालो, "मी दहा-बारा मिनिटांत परत आलो. तो आत कधी गेला ते मला माहीत नाही."

"तरास झाला असंल?"

"नाही. त्यात कळतच नाही. एक-दोन श्वासांत माणूस झोपल्यासारखा होतो. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

पलीकडे डेअरीतल्या कॅनचा आवाज येत होता. मला वाटलं फोन ठेवला. मग तो म्हणाला, "आमच्या हितं बी टाक्या हायत. मला आत जावं लागतं, धुवायला."

"बाहेर माणूस उभा असल्याशिवाय जाऊ नको," मी म्हणालो. "आणि तो माणूस हलला तर आधी तू बाहेर ये."

"व्हय," तो म्हणाला. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन बंद केला.